कापून बघणारे तात्या

आमच्या शेजारच्या तात्यांनी विट्याच्या बाजारात नवी गादी घेतली आणि दुकानदारासमोरच तिची शिवण उसवली. आत कापूस आहे की चिंध्या, ते बघायला. "वरनं काय बी दिसतंय, सर. कापून बगाय पायजे," हे त्यांनी मलाच समजावलं. मी जन्मभर भूगोल शिकवलेला माणूस, मला कशाला बरोबर नेलं होतं देव जाणे.

चाळीस वर्षं तात्यांनी परमुलखात सोनं गाळलं. कसोटीच्या दगडावर घासलं की सोनं उजळ दिसतं, पण दागिना कापला की आतलं तांबं कळतं, हा त्यांचा धंद्यातला अनुभव. तो त्यांनी कलिंगडापासून होणाऱ्या जावयापर्यंत सगळ्यांना लावला. कलिंगडं निदान घरात तरी आली.

त्यांची एकुलती एक लेक अश्विनी गोव्यात समुद्राचा अभ्यास करते. पाण्यातल्या बारीक वनस्पतींचा हिरवेपणा उपग्रह वरून मोजतो. तो आकडा बरोबर आहे का, हे तपासायला ती ग्लायडर सोडते. म्हणजे पंखांचं एक पिवळं यंत्र. ते एकटंच खोल जातं, मोजमाप करतं आणि काही तासांनी वर येऊन निरोप धाडतं. हे ऐकून तात्या असे खूश झाले की विचारू नका. "म्हंजी वरच्यावर इस्वास न्हाई! माजीच पोरगी हाय!"

आणि गेल्या मंगळवारी ते यंत्र वर आलंच नाही.

तिची तीन वर्षांची मेहनत त्यावर होती. हरवलं तर तिला दुसरं कोण देणार? तात्या दर तासाला आमच्या फाटकात. "आलं का, सर? कुणाच्या जाळ्यात घावलं आसंल का? माशानं गिळलं तर?" मी उगाच जाणकारासारखा "येईल, येईल" म्हणायचो, पण खरं सांगतो, फोन वाजला की मीही धावत जाऊन उचलायचो.

बुधवारी ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "ती फोनवर बरी हाय म्हणती, जेवले म्हणती. तुमी इचारा की तिला. मला खरं न्हाई सांगायची."

गंमत म्हणजे तीही मला गुपचूप तात्यांबद्दल हेच विचारायची. दोन वर्षं ती घरी आली नव्हती, आणि तेवढी वर्षं मी दोघांनाही "अगदी मजेत" असंच सांगत आलो होतो.

गुरुवारी दुपारी तिचा फोन आला. यंत्र वर आलं होतं! जाळ्याचा तुकडा अडकला होता, एवढंच. तात्यांनी माझ्या हातातून फोन ओढला. "मी कशाला काळजी करतोय? झ्याक हाय. जेवलोय की लय!" एवढं बोलून त्यांनी फोन परत माझ्या हातात कोंबला.

"सर," पलीकडून अश्विनी दबक्या आवाजात म्हणाली, "खरंच जेवलेत का हो?"

"नाही," मी म्हणालो. "मंगळवारपासून नुसत्या चहावर आहेत. आणि तू?"

तिकडून तिचं रडू ऐकू आलं. मी फोन पुन्हा तात्यांच्या कानाला लावला.

ते पायरीवर बसले आणि दोन वर्षांत कधी विचारलं नव्हतं ते त्यांनी विचारलं.

"पोरी, घरी कवा येतीस?"