मढ्याचा चषक

डिस्क पोस्टाने आली त्या दिवशी मर्ल पेंगिलीने ती उघडलीच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उभी करून ठेवली, समोर चहाचा कप घेतला आणि तिच्याकडे बघत बसली. वेष्टनावर रक्ताने माखलेली लोकर कातरायची कात्री होती, वर लाल अक्षरांत 'रक्तकातरण' आणि खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की, मूळ रिळं शोधून, धुऊनपुसून पन्नास वर्षांनी नवी प्रत काढली आहे.

"यात क्लेम आहे," ती शेजारच्या डॉटला म्हणाली. "म्हणजे मेलेला आहे. पण आहे."

क्लेमला जाऊन नऊ वर्षं झाली होती. कॅमेरा दिसला की हा माणूस शेळ्यांना पाणी पाजायला निघून जायचा, त्यामुळे घरातल्या फोटोंत त्याचा कुठे कान होता, कुठे पाठ होती. हलताबोलता क्लेम तर कुठेच नव्हता. 'रक्तकातरण'मध्ये होता, पण त्याही सिनेमाची जुनी टेप इतकी काळोखी होती की लोकर कातरायच्या शेडच्या फरशीवर पडलेला तिचा नवरा पिठाच्या पोत्यासारखा दिसायचा. तरी ती टेप मर्लने झिजेपर्यंत पाहिली होती.

सिनेमा त्यांच्याच गावात, पोर्ट टेरिंगात चित्रित झालेला. मेलबर्नहून माणसं आली, गावाला बिअर पाजली, गावाने फुकटात मुडदे पुरवले. सिनेमा तेव्हा साफ आपटला. पण पुढे शहरातल्या उनाड पोरांना त्याचं वेड लागलं आणि ती लोकरशेडसमोर फोटो काढायला येऊ लागली. पहिला मुडदा क्लेमचा. कॅमेरा त्याच्यावर रोखलेला असताना, नाकावर माशा बसलेल्या असताना त्याची पापणीसुद्धा लवली नाही, ही गावाची एकमेव कीर्ती. तिच्या जोरावर दर वसंतात फुटबॉलच्या मैदानावर 'क्लेम पेंगिली चषक' व्हायचा. पुरुष अंगाला टोमॅटो सॉस फासून ट्रकच्या हौद्यात पडायचे, माशा आपणहून यायच्या, आणि पापणी लवली की बाद. गाव त्याला मढ्याचा चषक म्हणायचं.

क्लेमची पापणी लवली नाही याला गावात साक्षीदार एकच, मर्ल. कॅमेऱ्याच्या डाव्या अंगाला ती पेस्ट्यांची, म्हणजे खिमा-बटाटा भरलेल्या मोठ्या करंज्यांची, टोपली घेऊन उभी होती. क्लेम स्वतः मात्र वेगळंच सांगायचा. "अगं, मी तुला डोळा मारला होता."

"मढं डोळा मारत नसतं," मर्ल चारचौघांत त्याला सुनवायची. "खोटारडा मेला."

घरी डिस्क लावायला यंत्र नव्हतं. डॉटने ही गोष्ट चषक समितीच्या अध्यक्षाला, कोल ट्रेझाइझला सांगितली आणि कोलने लगेच गावच्या सभागृहात खेळ जाहीर केला. गावात कितीतरी जणांनी डिस्क मागवली होती, पण पहिला मान विधवेच्या डिस्कचा.

रविवारी दुपारी सभागृह भरलं. मर्ल निळा स्वेटर घालून पहिल्या रांगेत बसली.

प्रत स्वच्छ होती. फारच स्वच्छ होती. भुताचा पांढराशुभ्र झगा पडद्यावर आला आणि मागून कुणीतरी ओरडलं, "अरे, हे तर आमच्या बैठकीचे पडदे!" रक्त वाहू लागलं, त्यात बिटाची अख्खी चकती तरंगत गेली. लोक हसून बेजार झाले. मग शेड आली, किंकाळी आली आणि क्लेम पडला.

सगळ्या सभागृहाने अदबीने टोप्या काढल्या. क्लेम चोवीस वर्षांचा होता. त्याच्या हनुवटीवरचा व्रण, कपाळावरची बट, सगळं लख्ख दिसत होतं. मर्लने हात तोंडावर धरला. तेवढ्यात मुडद्याचं पोट वर आलं आणि खाली गेलं.

"श्वास घेतोय की!" कुणीतरी पुटपुटलं.

नाकावर माशी बसली. नाक थरथरलं. पापणी एकदा सोडून चारदा लवली. मग मुडद्याने एक डोळा सावकाश उघडला, कॅमेऱ्याच्या डावीकडे पाहिलं आणि झकास डोळा मारला.

"बंद करा!" कोल किंचाळला. अख्ख्या खेळातली ती सगळ्यात खरी किंकाळी होती. "मी तीनदा बाद झालो! एका माशीपायी! आणि हा इथे डोळे मारतोय!"

एकच गलका झाला. कुणी चषक खोटा म्हणालं, कुणी शहरातल्या पोरांनी करामत केली म्हणालं. "पुन्हा दाखवा," मर्ल म्हणत होती, पण ऐकतो कोण? डॉटने तिला खांद्याला धरून बाहेर नेलं. "नको बघूस, बाई. मनाला लावून घेऊ नकोस."

मर्लने खरंच मनाला लावून घेतलं होतं, पण डॉट समजत होती ते नव्हे. त्या दिवशी ती कॅमेऱ्याशेजारी उभी होती हे खरं, पण पाठ करून. आदल्या संध्याकाळी नाचात क्लेम सिनेमातल्या नटीबरोबर तीन नाच नाचला होता आणि मर्लने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. डोळा मारला तो तिच्यासाठी आणि ती बघत होती भिंतीकडे. मग आयुष्यभर त्यालाच खोटारडा म्हणत राहिली.

मंगळवारी कोल आला तो हसतमुखाने. "सगळं निस्तरलं, मर्ल. घरोघरच्या डिस्का कपड्यांच्या टोपलीत गोळा केल्या, तुझी सगळ्यांत वर. डिस्क काढणाऱ्या कंपनीतला तो लॉकलन म्हणतो, संगणकावर क्लेमला गोठवून टाकू. ना श्वास, ना पापणी. नव्या डिस्का घरपोच."

"म्हणजे क्लेमला मारणार?"

"नीट मारणार. इतिहास जपायला नको का?"

"तो एकदा गेला, कोल. तेवढं पुरे." मर्ल म्हणाली, पण कोलने बिस्किटाला हात घातला होता.

"गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे, मर्ल. चषक बुडेल."

मर्ल जन्मभर कुणाला नाही म्हणाली नव्हती. ती उठली, त्याच्या कपात आणखी चहा ओतला आणि म्हणाली, "तू तीनदा बाद झालास, नाही का?"

"त्या माशीपायी!"

"आणि बाद व्हायच्या आधी सगळ्यांत जास्त वेळ कोण पडून होतं?"

"मीच. तिन्ही वेळा."

"बघ हं. ज्याच्या नावाचा चषक, त्याचीच पापणी लवली. मग तू बाद कसा?"

कोलचं बिस्किट चहात बुडालं ते वर आलंच नाही. "म्हणजे... तीनदा?" तो हळूच म्हणाला.

"माझ्या साक्षीवर तो नियम केला होतात. ती साक्ष मी मागे घेते. आता पुरावा काय तो त्या डिस्कवर."

कोलने तिच्याच स्वयंपाकघरातून फोन लावला. "लॉकलन? पोरा, कशालाही हात लावू नकोस. एक माशीसुद्धा हलवू नकोस. इतिहासाशी खेळ करायचा नसतो!"

तासाभरात तो टोपलीतली डिस्क आणि आपल्या मुलीकडचं जुनं यंत्र घेऊन परत आला, तारा जोडून दिल्या आणि शिट्टी वाजवत तीन चषकांची जागा बघायला घरी गेला.

मर्लने दुपारच्या उन्हाला पडदे ओढले. निळा स्वेटर घातला. आधी ओव्हनमधून पेस्ट्या काढल्या, उगाचच दोन. मग पडदेवालं भूत पाहिलं, बिटाची चकती पाहिली, नटीकडे मात्र पाहिलं न पाहिलंसं केलं. शेड आली. क्लेम पडला, माशी बसली, पोट वरखाली झालं. ती टीव्हीच्या डाव्या अंगाला जाऊन उभी राहिली होती, पेस्ट्यांची ताटली हातात धरून, आणि या वेळी तिने तोंड फिरवलं नाही.

त्याने डोळा मारला.

"बरं, बरं, दिसलं मला," मर्ल म्हणाली. तिला नीट दिसत नव्हतं, डोळे भरून आले होते. "नाचलास तर नाचलास. ऊठ आता, गार व्हायला लागल्यात."