संगीताच्या खोलीतली बैठक

दाराचं आतल्या बाजूचं हँडल आर्किटेक्टच्या हातात आलं. हँडल पितळी होतं, गुळगुळीत होतं, चार दुकानं पालथी घालून त्याने स्वतः निवडलेलं होतं. ते दारावर नव्हतं, एवढीच काय ती अडचण. दार मात्र तो आत शिरल्याबरोबर आपणहून, अगदी अदबीने बंद झालं होतं.

सव्वाअकरा वाजले होते. बारा वाजता बैठक होती. शाळेची नवी इमारत वापरात येऊन वर्ष झालं होतं, आणि ती वापरणाऱ्यांना कितपत सोयीची आहे, याचा अहवाल त्याने संस्थेसमोर मांडायचा होता. संस्था दुसरी शाळा बांधणार होती. ते काम त्याच्याकडे राहणार की दुसऱ्या कोणाकडे जाणार, ते या अहवालावर ठरणार होतं. तीन रात्री त्याच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. खरं तर काळजी करण्यासारखं काही नव्हतं. मुलांकडून आणि शिक्षकांकडून भरून घेतलेल्या फॉर्मांप्रमाणे सत्त्याऐंशी टक्के लोक समाधानी होते. बैठकीआधी सगळ्या खोल्यांवरून एकदा नजर फिरवावी, म्हणून तो निघाला होता, आणि संगीताच्या खोलीपर्यंत पोचला होता.

दारात उरलेल्या भोकात त्याने पेन घालून फिरवलं. पेन मोडलं. दाराच्या कडेत नखं घालून पाहिली. तिथे चहूबाजूंनी रबर होतं. "या फटीतून कागदसुद्धा जाणार नाही," असं त्यानेच उद्घाटनाच्या दिवशी छाती फुगवून सांगितलं होतं.

"कोणी आहे का?" तो ओरडला.

आवाज भिंतींनी गिळून टाकला. बाहेरून वर्गाला जाणाऱ्या मुलांचा एवढासाही गलका आत येत नव्हता. खोली उत्तम जमली होती.

त्याने मोबाइल काढला. नेटवर्क नव्हतं. हात उंच करून, टाचा वर करून खोलीभर फिरल्यावर दाराजवळ एक दांडी दिसली. त्याने घाईघाईने बायकोला लिहिलं, 'अडकलोय.' ते गेलं. पुढचं, 'शाळेतल्या संगीताच्या खोलीत, मुख्याध्यापिकांना फोन कर,' हे काही केल्या जाईना. उत्तर मात्र आलं : 'तू मोकळा असतोस कधी? येताना बल्ब आण.' आणि दांडी गेली.

पाठोपाठ दिवाही गेला.

कोणी नसेल तर दिवे आपोआप मालवतात, ही या इमारतीची खासियत होती. दोन मिनिटं हालचाल झाली नाही की खोली रिकामी आहे, असं दिवा धरून चालायचा. आवाज बाहेर जायला नको म्हणून खोलीला खिडकीही नव्हती. दारावर तेवढी काचेची एक पट्टी होती, शिक्षकांना बाहेरून डोकावता यावं म्हणून मोठ्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर बसवलेली. त्या काचेतून त्याला बाहेरून जाणाऱ्या मुलांच्या नुसते डोक्यांवरचे केस दिसले. मुलांना तो दिसायचा प्रश्नच नव्हता.

तो खोलीच्या मधोमध जाऊन दोन्ही हात हलवायला लागला. दिवा लागला. त्याच वेळी काचेत शिपाईमामांचा चेहरा उगवला.

आर्किटेक्टने जिवाच्या आकांताने हात हलवले. मामांनी क्षणभर पाहिलं, समजूतदारपणे मान डोलावली, अंगठा ओठांकडे नेला आणि एक बोट वर केलं. एक चहा? आर्किटेक्टने डोकं गदागदा हलवलं. मामांनी दोन बोटं वर केली आणि ते निघून गेले.

येतील तर खरे, असं म्हणत आर्किटेक्ट दाराला चिकटून उभा राहिला. करायला काही नव्हतं म्हणून त्याने पिशवीतून फॉर्म काढले. टक्के काढताना त्याने फक्त खुणा मोजल्या होत्या. शेवटचा 'इतर सूचना' हा रकाना त्याने नंतरसाठी ठेवला होता. आता तो वाचायला लागला.

'नळाखाली बाटली उभी राहत नाही. आडवी धरली की अर्धीच भरते.'

'वाचनालयात ऊन इतकं छान येतं, की दुपारी पुस्तकातलं काही दिसत नाही.'

'शिक्षकांच्या खोलीला काचेची भिंत का? आम्ही जेवत असताना पहिलीची मुलं बाहेरून नाकं लावून घास मोजतात.'

आणि मग एकामागून एक अकरा फॉर्मांवर, अकरा वेगवेगळ्या अक्षरांत, एकच शब्द : 'हँडल.'

वाचताना तो पुतळ्यासारखा उभा होता, त्यामुळे पुन्हा दिवा गेला. तो हात हलवत मधोमध धावला आणि तेवढ्यात दार उघडलं. शिपाईमामा हातात ट्रे घेऊन पाठमोरे आत आले.

"दार धरा! मामा, दार!"

"आधी हा ट्रे तरी धरा," मामा म्हणाले. मागे दार अदबीने बंद झालं.

मामांनी दाराकडे पाहिलं, मग आर्किटेक्टच्या मुठीतल्या हँडलकडे. "ओढलंत होय तुम्ही ते?"

"दाराचं हँडल ओढायचं नाही तर काय करायचं?"

"मी मागच्या आठवड्यातच बसवलंय. झकास बसलंय. फक्त ओढायचं नसतं."

दोघांनी चहा घेतला. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बाराला पाच कमी होते. बैठकीच्या खोलीत आपली खुर्ची रिकामी आहे आणि अध्यक्ष घड्याळाकडे बघताहेत, हे दृश्य आर्किटेक्टच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. संस्थेचे अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, आणि अजूनही समोरच्या प्रत्येकाकडे जामीन नाकारल्यासारखे बघायचे.

बाराला दोन मिनिटं असताना दार पुन्हा उघडलं. दारात मुख्याध्यापिका उभ्या होत्या. सगळी शाळा त्यांना मोठ्या बाई म्हणायची.

"अहो, तुम्ही इथे? आणि मामा, तुम्ही इथे चहा काय पिताय? वर सगळे..."

"दार!" दोघंही एकदम ओरडले. "बाई, दार! दार!"

"लावते हो, लावते," मोठ्या बाई म्हणाल्या. "आवाज बाहेर जातो, हे मलाही कळतं." आणि आत येऊन त्यांनी पाठीने दार घट्ट लावलं.

काय झालं ते त्यांना समजावून सांगायला मिनिटभर गेलं. त्यांनी मामांकडे पाहिलं. मामांनी छताकडे पाहिलं.

"मी दुरुस्त करायला सांगितलं होतं ना?"

"केलं की. यांनी ओढलं."

आता गाफील राहायचं नाही, असं ठरलं. आर्किटेक्ट दिव्यासाठी हात हलवत राहणार, मोठ्या बाई काचेतून लक्ष ठेवणार आणि दार उघडलं की पकडायला मामा दाराशी तयार राहणार. बेत चोख होता. दार आतल्या बाजूला उघडतं, तेवढं कोणाच्या ध्यानात राहिलं नाही. बारा वाजून वीस मिनिटांनी मोठ्या बाई "आले, अध्यक्ष आले!" म्हणाल्या, बाजूला झाल्या, आणि अध्यक्षांनी तावातावाने ढकललेलं दार थेट मामांच्या कपाळावर बसलं.

मामा मटकन खाली बसले. अध्यक्ष कडक असले तरी माणुसकी सोडलेले नव्हते. "अरेरे, लागलं का?" म्हणत त्यांनी दार सोडलं आणि ते वाकले.

बारीकसा आवाज झाला. खट्.

अध्यक्षांनी सगळी हकीकत शांतपणे ऐकून घेतली. त्यांनी हँडल मागून घेतलं, उलटंसुलटं करून पाहिलं आणि परत दिलं. मुलांच्या बुटक्या स्टुलावर ते बसले, तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला टेकले.

"बैठक इथेच घेऊ," ते म्हणाले. "वाचा अहवाल."

अहवाल वरच्या खोलीत, लॅपटॉपमध्ये होता. आर्किटेक्टकडे फक्त फॉर्म होते. सत्त्याऐंशी टक्के हे शब्द त्याच्या ओठांवर आले, पण या खोलीत, हातात हँडल असताना, ते उच्चारायची त्याला लाज वाटली. काम गेलंच आहे, निदान खरं बोलून तरी जावं, असं त्याला वाटलं. तो वाचायला लागला. बाटली वाचली, ऊन वाचलं, काचेच्या भिंतीला चिकटलेली नाकं वाचली. 'हँडल' हा शब्द अकरा वेळा वाचला. मध्येच दिवा गेला.

"हात हलवा," अंधारातून मोठ्या बाई म्हणाल्या.

चौघांनी हात हलवले. दिवा लागला तेव्हा दार किलकिलं झालं होतं आणि तिसरीतली एक मुलगी डबा काखेत धरून आत बघत होती. निवृत्त न्यायाधीश दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवत होते.

"दार!" चौघंही किंचाळले.

"माहितीये," ती म्हणाली. तिने एका पायातला बूट काढला, दाराच्या फटीत नीट आडवा ठेवला आणि एका बुटावर लंगडत आत आली. दार बुटाला टेकून थांबलं.

मोठ्या बाईंनी छातीवर हात ठेवला. "बाळा, तुला हे कोणी शिकवलं?"

"सगळ्यांनाच येतं. नवीन कोणी वर्गात आलं की पहिल्या दिवशीच सांगतो आम्ही."

"पण मग फॉर्ममध्ये का नाही लिहिलंस?" आर्किटेक्टने विचारलं.

"तिसरीपर्यंतच्या फॉर्मात लिहायला जागाच नव्हती. हसरा चेहरा आणि रडका चेहरा एवढंच होतं."

"तू कुठल्यावर खूण केलीस?"

"हसऱ्यावर."

"का?"

"रडक्यावर केली की बाई बोलावतात आणि काय झालं म्हणून विचारत बसतात. मग खेळायचं राहतं." तिने एकदा मोठ्या बाईंकडे पाहिलं. "आमच्या वर्गात सगळ्यांनी हसऱ्यावरच केली."

आर्किटेक्टने सत्त्याऐंशी टक्के मनातल्या मनात खोडून टाकले. अध्यक्ष स्टुलावरून कसेबसे उठले. दार पूर्ण उघडून ते बाहेर जाऊन उभे राहिले आणि तिथूनच म्हणाले, "दुसऱ्या शाळेचं काम तुम्हीच करा."

आर्किटेक्टला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "मी? हे सगळं पाहूनही?"

"बाकीचे माझ्यासमोर नुसते टक्के मांडतात. पण एक अट आहे. नकाशाची पहिली रेघ मारायच्या आधी पंधरा दिवस शाळेत काढायचे. पाहुणा म्हणून नाही. वर्गात, बाकावर बसून."

सोमवारी सकाळी आर्किटेक्ट तिसरीच्या वर्गात खिडकीजवळच्या बाकावर बसला. पाचव्या मिनिटाला त्याचे गुडघे अडकले. सातव्या मिनिटाला उन्हाची तिरीप फळ्यावर आली आणि अर्धी बेरीज दिसेनाशी झाली. मागच्या मुलाने त्याच्या पाठीवर टकटक करून, "काका, थोडं बुटकं व्हा ना," अशी विनंती केली. पंधराव्या मिनिटाला, धीर गोळा करून, त्याने हात वर केला.

"बाई, मी जरा बाहेर जाऊन येऊ?"

बाईंनी खडू खाली ठेवला आणि चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं.

"आत्ताच तर तास सुरू झालाय. घरून करून यायला काय होतं? बसा खाली."

तो बसला.