वाघाच्या वीस पिढ्या आणि गरम पाण्याची नळी

एका जंगलात पाणी होतं, पण पिता येत नव्हतं. जमिनीतून उकळतच वर यायचं. चैत्रात बाकीची डबकी आटली की सगळी जनावरं त्या झऱ्याभोवती जिभा लोंबवून बसायची. हसू नका पोरांनो, तुम्ही नळाखाली तोंड धरणारी जात.

त्या जंगलात एक तांबट पक्षी राहायचा. जीव एवढासा, पण तांब्याच्या कामात चोच बसलेली. त्याने झऱ्याला तांब्याची लांब नळी जोडली आणि खिंडीत आडवी टाकली, कारण वारा तिथं असतो. नळीवर त्याने तांब्याच्या वीस चकत्या ओवल्या. बोट बोट अंतर सोडून, एकेक कथलाने नळीला झाळून पक्की केलेली.

चकत्या कशाला? अरे, चहा बशीत ओतला की का निवतो? पसरतो म्हणून. तसा पाण्याचा ताप नळीतून चकत्यांत पसरायचा आणि वारा तो घेऊन जायचा. हे कळायला शाळा लागत नाही. नळीच्या खालच्या टोकाला पिण्याजोगं पाणी पडायला लागलं.

भेकरी म्हणाली, "तांबटदादा, माझं पाडस जगलं रे बाबा."

झालं. चांगलं चाललेलं कुणाला बघवतं?

कोल्हा होता राजाचा कारभारी. त्याने दवंडी पिटली, "वीस चकत्यांनी एवढं थंड, तर दोनशेंनी बर्फ पडेल! चकती द्या, वर नाव कोरून मिळेल."

मग काय विचारता! रानडुकराने दिली, आजोबांच्या स्मरणार्थ. माकडांनी एकाच आत्याच्या नावाने चार दिल्या. तरसाने बायकोच्या स्मरणार्थ दिली, बायको शेजारी उभी होती. महिन्याभरात चकतीला चकती भिडली. नळी दिसेना. वारा यायचा, त्या भिंतीला थडकायचा आणि वरच्या वर निघून जायचा. पाणी पुन्हा चटके द्यायला लागलं. पाडसाची जीभ पोळली.

वाघ राजा गुरगुरला, "तांबट्या, तुझी नळी नासली. आठ दिवसांत पाणी निवलं नाही, तर पांगाऱ्यातली ढोली खाली कर आणि चालता हो."

ढोलीत तांबटाची तीन अंडी होती. अंडी चोचीत धरून जाणार कुठं?

तो म्हणाला, "महाराज, मधल्या चकत्या काढू द्या. वाऱ्याला शिरायला फट नाही."

"काढ की. मी कुठं धरून बसलोय?"

तांबटाने पहिल्या चकतीला चोच लावली, तसे रानडुकराने सुळे काढले. "माझा आजा उपटतोस होय रे टिनपाट?"

माकडं झाडावरून ओरडली, "आत्याला हात तर लावून बघ!"

कोल्हा मध्ये पडला. "हा भावनेचा प्रश्न आहे. ज्यांच्यावर नाव नाही, त्या काढ."

आता नाव नव्हतं ते फक्त तांबटाच्याच वीस चकत्यांवर. आणि नळीला झाळलेल्या, ताप ओढणाऱ्या, तेवढ्या त्याच. बाकीच्या नुसत्या अडकवलेल्या, शोभेच्या.

सहा दिवस तांबट दारोदार वारा, वारा करत फिरला. कुणी कान हलवला नाही. सातव्या दिवशी त्याने दगडावर चोच घासली आणि आपल्या वीस चकत्यांवर टुक टुक करत नावं कोरली.

आठव्या दिवशी वाघ आला. कोल्हा वाचून दाखवायला लागला. "श्रीमंत धुरंधरराव वाघ..."

"हे कोण?" वाघाने विचारलं.

"आपले खापरपणजोबा, महाराज," तांबट म्हणाला.

वाघाला बापाचं तोंडही आठवत नव्हतं. वाघांत बाप थांबतो कुठं? पण तो म्हणाला, "हां, हां. मोठ्या मिशा होत्या त्यांच्या."

"हे रणझुंजारराव. हे भीमगर्जनराव. अशा वीस पिढ्या आहेत."

"वीस!" वाघाची छाती फुगली.

तांबट खाली बघत म्हणाला, "एकच मनाला लागतं, महाराज. धुरंधररावांच्या अंगाला रानडुकराचा आजा घासतोय. आणि भीमगर्जनरावांच्या मांडीला मांडी लावून माकडांची आत्या बसलीये."

वाघाने अशी डरकाळी फोडली की कोल्ह्याचं शेपूट पोटात गेलं. "काढा तो कचरा! माझ्या पूर्वजांच्या दोन्ही अंगांना जागा मोकळी पाहिजे!"

"बोटभर पुरे, महाराज," तांबट म्हणाला.

रानडुकराने मुकाट आपला आजा स्वतःच उपटला. दिवस कलायच्या आत नळीवर वीसच चकत्या राहिल्या. वारा मधून शीळ घालत गेला. पाणी निवलं. पाडस पोट फुगेपर्यंत प्यालं.

कोल्ह्याने तिथं पाटी ठोकली, 'राजांच्या पूर्वजांच्या पुण्याईने थंड झालेलं पाणी.' आता सगळी जनावरं आधी चकत्यांना नमस्कार करतात, मग पितात. भेकरीनेही केला. पाडसाचं डोकं दाबून त्यालाही करायला लावला.

तांबटाने वरून बघितलं आणि मान वाकवून तोही पाया पडला. न पडून सांगतो कुणाला? ढोलीत तीन चोची भुकेने आ वासून बसल्या होत्या.

तात्पर्य: शहाण्याने खरं बोलण्यात सहा दिवस घालवू नयेत. वाऱ्याला कुणी जागा देत नाही, साहेबाच्या आज्याला सगळे देतात. साहेबाला आजा ठाऊक नसेल, तर आपण घडवून द्यावा. तांबं मात्र चांगलं वापरावं.