बसल्या जागी पगारवाढ

पगार ठरवणाऱ्यांनो, या घोळाचे खरे धनी तुम्ही आहात. साहेबांच्या बुडाखालची खुर्ची कुरकुरू नये म्हणून राबणाऱ्याला तुम्ही भरभरून देता, आणि ज्याला चालता येत नाही त्याची खुर्ची चालती ठेवणाऱ्याला अर्धं. हा हिशोब कुठल्या शाळेत शिकलात ते शेवटी विचारूच. आधी किरकिऱ्याचं काय झालं ते ऐका.

किरकिऱ्या हे त्याचं कारखान्यातलं नाव. कारखाना ऑफिसच्या फिरत्या खुर्च्यांचा. दिवसभर एकेका खुर्चीत बसायचं, डुलायचं, किरकिर ऐकू आली की खुर्ची बाजूला काढायची, हे त्याचं काम. बसून बसून माणूस इतका कावला होता की घरी जेवायचाही उभ्यानं. अशात एका संस्थेच्या ताईंनी त्याला बोलावलं. संस्था जुन्या व्हीलचेअर दुरुस्त करून गरजूंना द्यायची. काम मनासारखं, पगार अर्धा.

बायकोनं लगेच निकाल लावला. "घरमालकाला विचारा, अर्धं भाडं चालेल का. चालत असेल तर खुशाल जा."

तरी एक दिवस करून तर बघू, म्हणून त्यानं कारखान्यात कंबर धरल्याचं कळवलं आणि संस्था गाठली. ताईंनी एक व्हीलचेअर पुढ्यात ढकलली. ती एका शिंपीणकाकूंची. चाक अडलं तेव्हापासून काकू खिडकीपाशी अडकून पडलेल्या. किरकिऱ्यानं चाक उतरवलं, बेअरिंग धुतलं, ग्रीस भरलं आणि तपासायला स्वतःच बसला. खुर्ची अशी फिरली की कित्येक वर्षांत पहिल्यांदा त्याला बसावंसं वाटलं.

नेमका तेव्हाच कारखान्याचा मोठा साहेब देणगी द्यायला आला, फोटोवाल्यासकट. पळायला दार एकच आणि दारात साहेब. किरकिऱ्यानं गुडघ्यांवर पोतं ओढलं नि मान खाली घातली.

"अरे, हा तर आपला किरकिऱ्या," साहेब म्हणाला. "कंबर धरली म्हणजे एवढी धरली?"

"हो साहेब," किरकिऱ्याच्या तोंडून निघून गेलं, आणि तिथंच तो फसला.

साहेबाला गहिवरून आलं. फोटो हलला म्हणून पुन्हा एकदा आलं. कंपनी आपल्या माणसाला वाऱ्यावर सोडत नसते, असं म्हणून त्यानं तिथल्या तिथं पगारवाढ जाहीर केली. टाळ्या पडल्या. ताई तोंड उघडायच्या आत किरकिऱ्या खुर्चीसकट कंपनीच्या गाडीत. ड्रायव्हरनं शेजारी गोळा करून त्याला जिना चढवला आणि सकाळी न्यायला येतो म्हणाला.

बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि पडदे ओढले. "पगार वाढलाय ना? मग बसा आता."

पण बसवेना. संध्याकाळभर तो चोरपावलांनी येरझाऱ्या घालत राहिला. वर कोण चालतंय, अशी खालून विचारणा झाली, तेव्हा बायकोनं सगळी पावलं स्वतःच्या नावावर घेतली. तेवढ्यात ताईंचा फोन. रागावल्या नव्हत्या, तेच वाईट. काकू दाराकडं डोळे लावून बसल्यात, एवढंच म्हणाल्या.

बायको व्हीलचेअरमध्ये जाऊन बसली. एक गिरकी घेतली. आणखी एक घेतली.

"अजिबात आवाज नाही हो," ती म्हणाली, आणि बराच वेळ उठलीच नाही. मग म्हणाली, "लहान घर बघू. नाहीतरी तुम्हाला बसायला जागा लागतेच कुठं?"

सकाळी दोघांनी खुर्ची खाली उतरवली. काल उचलून वर नेलेला माणूस आज खुर्ची उचलून खाली येतोय, हे बघून शेजाऱ्याचा ब्रश तोंडातच राहिला. फाटकाशी कंपनीची गाडी उभी होती. ड्रायव्हरनं खुर्चीकडं बघितलं, मग किरकिऱ्याच्या पायांकडं.

"साहेबांना काय सांगू?"

"कंबर ठणठणीत आहे, खोटं मी बोललो, पगारवाढ ठेवून घ्या म्हणावं. आणि एक विचार त्यांना. खुर्चीची किरकिर घालवायला पूर्ण पगार आणि माणसाचं अडलेलं चाक सोडवायला अर्धा, हे ठरवलं कुणी? आम्ही काकूंकडं जाऊन येतो. तोवर उत्तर घेऊन ये."