अठ्ठावीसच समजा

गायकवाडकाका कुणाला भेटले की आधी त्याच्या सायकलचा टायर अंगठ्याने दाबतात. सायकल नसेल तर स्कूटरचा. तीही नसेल तर मग नाइलाजाने माणसाकडे वळून "जय भीम" म्हणतात. आमच्या किहीमला एका लग्नात नवरदेव गाडीतून उतरत होता आणि काका उकिडवे बसून त्या गाडीचं मागचं चाक तपासत होते. "थांबा, रीडिंग घेऊ द्या," असं त्यांनी बजावल्यावर बिचारा नवरदेव एक पाय आत, एक पाय बाहेर असा ताटकळत राहिला.

हा 'रीडिंग' शब्द त्यांच्या नोकरीतला. काका वीज खात्यात होते, आणि उभी नोकरी त्यांनी काळ्या सायकलवरून घरोघरी मीटरचं रीडिंग घेत घालवली. ती सायकल अजून त्यांच्या फाटकाशी उभी असते, कॅरेजसकट. निवृत्तीनंतर मीटर सुटले, रीडिंग काही सुटलं नाही. आता ते टायर वाचतात. झिजलेल्या टायरवरून अंगठा फिरवतात आणि ती सायकल कुठून कुठून फिरून आली ते सांगतात.

"ही रेतीतली. ही मिठागराच्या बांधावरची, बाजू बघा कशी खाल्लीय. आनि हा इसम एका अंगावर बसून चालवतो, मूळव्याध असनार."

हे शेवटचं त्यांनी आमच्या हेडमास्तरांना तोंडावर सांगितलं होतं. दुर्दैवाने ते खरं निघालं.

मी इथल्या शाळेत शिकवतो आणि काकांच्या दोन घरं अलीकडे राहतो. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही तिघा शिक्षकांनी सायकलवरून गोव्याला जायचं ठरवलं. माझी सायकल नवी, नाजूक आणि माझ्या ऐपतीच्या मानाने जरा अतीच. बातमी कळायचा अवकाश, काका संध्याकाळी दारात हजर! सायकलभोवती एक फेरी मारली, अंगठा टेकवला आणि नासकं दूध पुढ्यात आल्यासारखं तोंड केलं.

"ह्यावर गोवा? सर, ह्यावर अलिबागचा बाजार बी होनार न्हाय."

मग माझी शिकवणी सुरू झाली. लांबच्या प्रवासाच्या टायरला चमक नको. चमकणारा टायर म्हणजे निवडणुकीला उभा राहिलेला उमेदवार. अंगठा दाबून उचलला की ठसा लगेच मिटायला हवा, रेंगाळला तर रबर आळशी. बाजू जाड हवी, कारण टायर फाटतो तो कुशीला. वास घ्यायचा, आणि वजनाला भ्यायचं नाही. मी नुसता हो-हो करत होतो. माझी ऑर्डर मोबाइलवरून आधीच गेली होती: परदेशी, हलके, दोन भाकऱ्यांच्या वजनाचे टायर. सोबतच्या दोघांनी तेच घेतले होते ना!

"साइज काय?" काकांनी विचारलं.

"सातशे."

"सातशे काय? ग्रॅम?"

आता त्यांना मिलिमीटर समजावत कोण बसणार? आत टीव्हीवर मॅच रंगात आली होती. "अठ्ठावीसच समजा हो काका," मी म्हटलं आणि आत वळलो. तेवढे शब्द त्या दिवशी गिळले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

तिसऱ्या दिवशी काका मांडव्याहून बोटीने मुंबईला गेले. काकी चार वर्षं अंथरुणाला खिळलेल्या, अर्धांगाने डावी बाजू गेलेली. त्यांना सोडून काका दूध आणण्यापलीकडे कुठे जात नाहीत. त्या दिवशी मात्र माझ्या बायकोला, मेधाला, काकींजवळ बसवून गेले. मेधाला वाटलं, औषधाबिषधाचं काम असेल. संध्याकाळी आले ते दोन्ही खांद्यांना एकेक टायर अडकवून, थेट माझ्या दारात.

"सहा दुकानं पालथी घातली," काका धापा टाकत म्हणाले. "एक दुकानदार म्हनतो, आजोबा, नुसते हुंगताय काय, खायचे न्हायत ते! घ्या. अठ्ठावीस दीड. हे म्हातारे होतील, पन मरनार न्हायत."

मी टायरच्या कडेवरचा आकडा वाचला आणि घोटाळा कळला. जुन्या काळ्या सायकलींचं अठ्ठावीस वेगळं आणि माझ्या सायकलचं अठ्ठावीस वेगळं. बोलायला नाव एकच, पण काकांचा टायर अर्धा इंच मोठा. तो माझ्या रिमवर बसणं शक्यच नव्हतं. मी तोंड उघडणार तेवढ्यात काका म्हणाले, "एकच करायचं. परत आल्यावर टायर धुवायचे न्हाय. तसेच आनायचे. हिला वाचून दाखवायचेत."

मग ते पायरीवर टेकले आणि हळू आवाजात सांगू लागले. मुरूडला बदली होती तेव्हा ते कामावर आगरदांड्याच्या जेट्टीपर्यंत जात, पलीकडे दिघीला निघालेली बोट बघत आणि सायकल मागे वळवत. पलीकडचे मीटर दुसऱ्याचे. रिटायर झाल्यावर काकींना कॅरेजवर बसवायचं, त्या बोटीत चढायचं आणि गोवा येईपर्यंत थांबायचं नाही, असं नवराबायकोचं ठरलं होतं. रिटायर व्हायच्या आदल्या आठवड्यात काकी मोरीत पडल्या.

"ती म्हनते, आपन न्हाय तर आपले टायर तरी जाऊ देत."

सांगा, अशा माणसाला कुठल्या तोंडाने सांगायचं? मी नाही सांगितलं. दुकानातून बसवून घेतो म्हणालो आणि टायर माळ्यावर टाकले. मेधा म्हणाली, "आत्ताच्या आत्ता जाऊन खरं काय ते सांगा." मी म्हटलं, आल्यावर सांगतो. निघायच्या दिवशी काका दूध आणायला गेलेले बघून मी चोरासारखा पसार झालो.

काका रोज संध्याकाळी फोन करत. "टायर काय म्हनतात?"

"एकदम झकास, काका!" हे मी रस्त्याच्या कडेला बसून, हाताला सोल्युशन फासलेलं असताना म्हणत असे. माझ्या भाकऱ्यांनी दिघीच्या पहिल्या चढावरच मान टाकली होती. गोव्यापर्यंत नऊ पंक्चरं झाली. फोनवर मागून काकींचा अडखळता आवाज यायचा, "हरिहरेश्वर आलं का इचारा." मी ओरडायचो, "आलं, काकी!" आणि ओरडून झालं की माझं मलाच कसंतरी व्हायचं.

परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी मी परसात, विहिरीजवळच्या चिऱ्यावर काकांचे कोरे टायर घासत बसलो. लाल माती, वाळू, पाणी, पुन्हा घास. मेधा येऊन उभी राहिली.

"हे काय चाललंय?"

"टायर झिजवतोय."

"गोव्याला सायकलने जाऊन आलेल्या माणसाने?" ती म्हणाली. "शोभतं हो सर तुम्हाला!"

वर्गात कॉपी करणाऱ्या मुलांना मी आजवर काय काय बोललो ते सगळं मला तिथे आठवलं. तरी मी घासायचं थांबलो नाही.

टायर घेऊन काकांकडे गेलो. सायकल सर्व्हिसिंगला दिलीय, अशी आणखी एक थाप मारली. काका काकींच्या खाटेशी स्टूल ओढून बसले, चष्मा लावला. "थांबा, रीडिंग घेऊ द्या." अंगठा एकदा फिरला आणि मध्येच थांबला. त्यांनी दुसरा टायर घेतला. पुन्हा पहिला घेतला. माझ्याकडे पाहिलं नाही. मी दाराकडे सरकलो.

मग ते वाचू लागले.

"ही बघ दिघी. बोटीतनं उतरलं की चढ लागतो, हितं. सरांनी उतरून ढकलली असनार. हे श्रीवर्धन, सुपारीच्या वाड्या. सावलीतनं गेलेत. ही हरिहरेश्वरची रेती, मऊ हाय. मग बानकोटची खाडी, परत बोट. आनि हितनं पुढं सगळा जांभा, लाल लाल रस्ता..."

काकींचा चांगला हात त्यांनी टायरवर ठेवला होता आणि तो धरून बोटाबोटाने पुढे सरकवत होते. गोवा आलं तेव्हा काकींच्या बोटांना आमच्या विहिरीची माती लागली होती. "लांब आलो की वो," त्या म्हणाल्या आणि हसल्या.

काका मला पोचवायला फाटकापर्यंत आले. मला माफी मागायची होती, पण मी फाटकाची कडीच काढत-घालत राहिलो. शेवटी तेच बोलले, आतल्या माणसाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

"सर, पुढचा नि मागचा सारखा झिजत न्हाय. मागचा जास्त घासायचा. वजन मागं बसतं."

आतून काकींची हाक आली, "काय म्हनतात सर?"

"काय न्हाय," काका माझ्याकडे बघत मोठ्याने म्हणाले. "परत जानार म्हनतात. ह्याच टायरांवर."

फाटकाशी त्यांची काळी सायकल उभी होती. अठ्ठावीस दीडची. मी तिच्या कॅरेजवर हात ठेवला.

"व्हय काकी," मी आतपर्यंत ऐकू जाईल असं ओरडलो, "जाणार!"