सांगून सोडणारे बापूराव

सायकल शिकवणारे सगळे मेले लबाड. "धरलंय, धरलंय" म्हणतात आणि केव्हाच सोडून दिलेलं असतं. आमच्या सौंसरातले बापूराव मात्र सांगून सोडायचे. कॅरिअर धरून मागे धावता धावता एकदम ओरडायचे, "सोडून राहिलो बरं!" आणि शिकणारा बोंब मारेपर्यंत हे आपल्या सायकलवर टांग टाकून पसार!

कारण तेवढ्यात पांढुर्ण्याची सकाळची बस सुटायची. बापूराव तहसिलीत कारकून, पन्नाशीचे, पाय बगळ्याचे. पण जामसांवलीच्या फाट्यापर्यंत त्या बसला एकदा तरी मागे टाकायचं, ही त्यांची जिद्द. बस थांबत थांबत जायची, म्हणून आशा सुटत नव्हती. रोज हरायचे, घामाघूम परत यायचे आणि म्हणायचे, "थोडक्यात हुकलं बाप्पा! म्हैस आडवी आली." म्हैस रोज नवी असायची.

तेव्हा आमच्या गल्लीत टीव्ही एकच होता आणि सायकल चालवणारी बाई एकही नव्हती. मला रामाकोन्याच्या शाळेत नोकरी लागली, तसे बापूराव आपणहून आले. "शिकायले कायची लाज, पोरी? पडनं तं आलंच." मला आपल्या घरी नेऊन त्यांनी चकचकीत लेडीज सायकल काढली.

"ही कोणाची?" मी विचारलं.

"माहीच," त्यांची बायको, सुमनकाकू, ओसरीवरून म्हणाल्या. "'आधी त्या बसले हरवतो, मंग तुले शिकवतो' म्हणे. तवापासून वाटच पाहून राहिली मी." त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

मी पडले, रडले, शिकले. मग पोस्टमनची सून शिकली, नर्सबाई शिकल्या. सगळ्यांच्या फुटक्या गुडघ्यांना हळद लावायचं काम काकूंचं.

एका संध्याकाळी बसचे ड्रायव्हर शेखचाचा दारात येऊन म्हणाले, "बाबूजी, कल मेरी आखरी फेरी है. जीतना है तो कल." बापूरावांनी मान डोलावली. इतकी वर्षं ज्याच्याशी शर्यत लावली, तो गेल्यावर दुसऱ्याला हरवण्यात कसली मजा?

सकाळी अख्खी गल्ली रस्त्यावर. बापूरावांनी चेनला तेल दिलं, पँटीला क्लिपा लावल्या. काकूंनी पाण्याचा तांब्या आणून दिला. परत जाताना भिंतीला टेकलेल्या लेडीज सायकलची घंटी त्यांनी वाजवली. एकदाच, हळूच.

बापूराव वळले. काकूंकडे पाहतच राहिले. मग आपली सायकल त्यांनी माझ्या हातात दिली.

"इकडे ये, सुमन. पदर खोच."

"अवं माय! आता? या वयात? अजी, गाडी सुटून राहिली तुमची!"

"सुटू दे. चढ."

बस आली. शेखचाचांनी मुद्दाम हळू केली, हॉर्न वाजवला. इकडे काकूंचं हँडल कधी नालीकडे, कधी कडुनिंबाकडे, आणि मागे कॅरिअर धरून बापूराव धावताहेत. त्यांनी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. चाचांनी खिडकीतून हात केला, बस धूळ उडवत निघून गेली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू?

"अजी, गेली ना गाडी!" काकू ओरडल्या. "सोडा आता, जा!"

"नाही सोडत," बापूराव धापा टाकत म्हणाले. "तू समोर पाह्य. धरून आहो मी."