मण्यांच्या माळेची खंडेनवमी

महेंद्र सकाळच्या एसटीनं साताऱ्याहून सांगलीला आला, प्रयोगशाळेचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थबकला. कंप्यूटर बंद होता! वर झेंडूचा हार, कपाळाला हळदकुंकू, पुढ्यात फोडलेला नारळ.

"आकाराममामा! कुणी बंद केला हा?"

"म्या," फौजेतून येऊन शिपाई झालेले आकाराम ऐटीत म्हणाले. "आज खंडेनवमी न्हवं का! एकवीस दिस राबलंय बिचारं. आज यंत्राला इसावा द्याचा आसतोय."

महेंद्रच्या तोंडचं पाणी पळालं. प्रथिन आपोआप कसं गुंडाळतं, हे तो कंप्यूटरवर बघत होता. खरं प्रथिन म्हणजे हजारो अणू, भोवती पाणी. कॉलेजच्या कंप्यूटरला ते कुठलं झेपायला! म्हणून त्यानं प्रथिनाची केली साठ मण्यांची माळ, आणि पाण्याऐवजी घातला एक नियम: पाणी न सोसणारे मणी आत दडणार. माळ गुंडाळत जाईल तसा पडद्यावरचा ऊर्जेचा आकडा उतरणार. मध्ये बंद पडलं की पुन्हा पहिल्यापासून. आणि सोमवारी निकाल दाखवला नाही, तर पीएच.डी.ची नोंदणी रद्द!

"मामा, माझं वाटोळं केलंत हो!"

"आवं, आकडं हायती की!" आकारामनी कापडात गुंडाळलेली वही काढली. "रोज सकाळी आठला लिवलंय. पल्टनीची सवय."

महेंद्रनं वही अक्षरशः हिसकावली. पहिले तीन दिवस आकडा छान उतरला होता. चौथ्या दिवशी उणे एकतीस. पाचव्या दिवशी उणे एकतीस. विसाव्या दिवशीही तेच! माळ तिसऱ्या दिवशीच गाठ बसून अडकली होती. आता मामांवर खापर फोडायचीही सोय उरली नाही.

"मी साताऱ्याहून फोन केला तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी इच्यारलंत, चालू हाय का? चालूच हुतं की!"

तेवढ्यात गाईड जयराजसर आले. हार बघून भडकले, "महेंद्र, हा काय पोरखेळ? लक्ष नको ठेवायला?"

"लक्ष हुतं की, सर," आकाराम म्हणाले. "तुमीच रोज सई केलीया."

सरांनी वही घेतली. उणे एकतीस, सरांची सही. उणे एकतीस, सरांची सही. पानं उलटता उलटता त्यांचा आवाज मऊ झाला.

"खंडेनवमीला यंत्र बंद ठेवायची रीतच आहे," ते म्हणाले. "मुदतवाढीच्या अर्जात तेच कारण घाल. मी सही करतो." मग वही मिटत म्हणाले, "वाचून."